शालनताईच्या नावाचा पुरस्कार

दुपारी जरा आडवी होते. पाच वाजता शाळेची गाडी यायचीय. उशाशी स्नेहसंमेलनाचं कार्ड आहे, कोपऱ्यांना हौसेनं मीच हळदकुंकू लावलंय. डोळा लागतोय न लागतोय, तोच पायाशी शालनताई. माझी थोरली बहीण, जाऊन दोन वर्षं झाली.

"नले, कुठं निघालीस?"

"तुझ्या शाळेत. तुझ्या नावानं पुरस्कार ठेवलाय, कल्पक शिक्षिकेचा."

ताई हसते. मला ते हसू सोसत नाही. याच शाळेनं तिला काढलं होतं, दहावीच्या पोरांना एक जपानी सिनेमा दाखवला म्हणून. त्या सिनेमात सरकार अख्खा वर्ग बेटावर नेऊन सोडतं, हातात हत्यारं देतं, आणि एकमेकांना मारून उरेल त्या एकट्यानंच घरी जायचं. पोरं बिघडवली म्हणून पालक दारात येऊन ओरडले. पुढं मरेपर्यंत तिला कुणी शिकवायला बोलावलं नाही.

माझी खाट शाळेच्या मैदानात आहे. पोरांच्या गळ्यात चमकते पट्टे. शिट्टी वाजली की एकेक आडवं पडतं, आणि मांडवातून टाळ्या.

"हे काय गं?"

"संमेलनातला खेळ. उरेल तो राजा. आता सगळीकडं हेच चाललंय ताई, मोबाईलवर, टीव्हीवर. तुझ्या त्या सिनेमावरूनच निघालं सगळं."

"मेल्यांनी खेळ तेवढा उचलला!" ताई चिडते. "पोरं रडली होती गं त्या दिवशी. मागच्या बाकावरची दोघं हात धरून बसली होती. ते कुणी विचारलं?"

मैदानाला चारी बाजूंनी पाणी लागलंय. पाण्याच्या कडेला आमच्या स्वयंपाकघराचा ओटा. ताई ओट्याशी उभी राहून कार्ड वाचतेय, चष्म्याशिवाय.

"जाऊ नको का मी?" मला रडू फुटतं. "त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकायचंय गं मला, एकदा तरी!"

ती कार्ड माझ्या हातात देते.

"मरणाचं पत्र आलं की आई काय करायची?"

"वाचून लगेच फाडायची. घरात ठेवायची नाही."

"मग?"

बाहेर हॉर्न वाजतो. डोळे उघडते. कपाटाला इस्त्रीची साडी लटकलेली. माझ्या मुठीत कार्डाचे चार तुकडे, प्रत्येकाला एकेक पिवळा कोपरा.

हॉर्न पुन्हा वाजतो. वाजू दे.