गोरखला लागलेली दगडाची चव

इंदुरीच्या गोरखबद्दल कुठं काही बोलू नका, असं त्यानं मला दोनदा बजावलंय. म्हणजे बोलावं अशी त्याचीही इच्छा आहेच.

हा गोरख आधी बोअरच्या गाडीवर होता. घोरावाडीपासून इंदुरीपर्यंत अर्ध्या मावळाला त्यानं भोकं पाडली. आपल्या काळ्या पाषाणाची एक गंमत आहे. खालून हिरवा चुरा वर यायला लागला, की पाणी जवळ आलं समजायचं आणि गाडीपासून लांब पळायचं. नाहीतर चिखलानं आंघोळ. हे इंदुरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पुढं गडी यशोधरेवर भाळला. ती तळेगावच्या कारखान्यात कामाला, तिलाही हा पसंत. अडचण तिच्या आईची. शालनमावशीच्या तोंडाला गाव वचकून असतं. चिखलात लोळणारा जावई नको, बरी नोकरी दाखव, म्हणाली. तर हा हट्टानं थेट राजस्थानात तांब्याच्या खाणीवर गेला.

तिथलं काम असं, की जमिनीच्या पोटात, बोगद्यात मशीन लावून खडकाला लांबच लांब भोक पाडायचं, आतून दगडाच्या गोल कांड्या काढायच्या आणि त्यात तांबं दिसतंय का बघायचं. बघायचं काम राजेश्वरी मॅडमचं. नागपूरच्या बाई, हातात कायम हातोडी. शंका आली की दगड सरळ जिभेनं चाटायच्या. ओला झाला की आतले ठिपके उठून दिसतात म्हणे. पहिल्यांदा बघून गोरखला वाटलं, बाईंना डोहाळे लागलेत. महिन्याभरात तोही चाटायला लागला. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

पण तांबं काही सापडेना. भोकामागून भोक रिकामं. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, की हे भोकही वाया गेलं तर मशीन बंद आणि सगळे आपापल्या घरी. गोरखच्या डोळ्यांपुढं शालनमावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

अगदी शेवटच्या कांड्या निघत होत्या आणि एक आली ती अंगभर हिरवी. झालं! इंदुरीचं रक्त ते.

"पानी आलं, पळा!"

गोरख ओरडला. त्यातलं 'पानी' तेवढं हिंदीवाल्यांनाही कळतं. माणसं हेल्मेट सांभाळत लिफ्टकडं सुटली, सगळ्यांच्या पुढं मॅडम. पाणी मात्र थेंबभर आलं नाही. मॅडम लालेलाल होऊन परत फिरल्या. कांडी उचलली, चाटली, हातोडीचा एक घाव घातला. आत पितळेसारखे पिवळे ठिपके नुसते चमचम करत होते, तेच तांब्याचं खनिज. बाई तिथंच खाली बसून हसायला लागल्या.

"गोरख, अरे ज्याच्यासाठी आलास, त्यालाच भिऊन पळालास की रे."

मशीन राहिलं, गोरख राहिला.

सुट्टीवर आल्यावर त्यानं ही कथा गावभर ऐकवली. शालनमावशीनं पुरावा मागितला. खाणीतला खडा बाहेर आणता येत नाही, म्हणून त्यानं हेल्मेट घातलेला फोटो दाखवला. असला फोटो भुशी धरणावर जाऊनबी काढता येतो, म्हणाली. लग्नाचा विषय तिथंच अडकला.

त्याच आठवड्यात मावशीच्या वावरात बोअरची गाडी लागली होती. आम्ही रिकामटेकडे बघायला हजर. दुपारी हिरवा चुरा वर आला आणि आख्खी गर्दी मागं सरली. या वयात मीसुद्धा बांधावरून उडी टाकली. एकटा गोरख पुढं गेला. खाली वाकला, एक खडा उचलला, चाटला आणि उन्हात धरून डोळे बारीक करून पिवळे ठिपके शोधायला लागला.

तेवढ्यात फवारा उडाला. गडी शेंडीपासून टाचेपर्यंत चिखल, खडा तसाच हातात. यशोधरेनं पदर तोंडात कोंबला. आम्ही हसून हसून आडवे. शालनमावशी मात्र त्याच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"निस्ता बोअरवाला असता तर पळाला असता," ती म्हणाली. "दगड चाटतोय, म्हंजी खरंच खानीत असतोय ह्यो. यशोधरे, टावेल आन. जावई भिजलाय."