हानाचं नाव कुणीच घेईना

"या देशाने प्रोफेसरांच्या कुटुंबाला आसरा दिला," विद्यापीठाचा माणूस शवपेटीशेजारी उभा राहून म्हणाला आणि मी उठले. "खोटं आहे," म्हणाले. मँचेस्टरमधला तो अख्खा हॉल माना वळवून बघायला लागला. लेक पदर ओढत होती. "आई, प्लीज, खाली बस. फ्युनरल आहे हे!"

फ्युनरल होतं म्हणूनच बोलले. नंतर कुणी ऐकलं असतं?

प्रोफेसर आमचे शेजारी, एकवीस वर्षं. पदार्थविज्ञानातलं मोठं नाव, टीव्हीवर यायचे. मी चौथी पास. त्यांचं शास्त्र मला कळलं नाही आणि माझी आमटी त्यांना सोसली नाही. "हे अन्न आहे की प्रयोग?" विचारायचे, आणि वाटी संपवायचे.

एका भाऊबीजेला मी ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. एकटा म्हातारा, म्हटलं ओवाळावं. बहीण भावासाठी आयुष्य मागते, हे मोडक्या इंग्रजीत समजावलं. कुंकवाचं बोट पुढे केलं, तर त्यांनी कपाळ मागे घेतलं. "मला होती बहीण..." म्हणाले. मी ताट उचलायला लागले. "राहू द्या. बसा," म्हणाले.

मग सांगितलं. घर ज्यू, आणि व्हिएन्नात ज्यूंची धरपकड चाललेली. तिथून यांना इथे बोलावलं, कारण इथल्या विद्यापीठाला हे हवे होते. धाकटी बहीण हाना तिकडे टोप्या शिवायची. तिच्यासाठी यांनी अर्जांवर अर्ज केले. इथल्या व्हिसाच्या साहेबाने विचारलं, "तिचा आम्हाला काय उपयोग?" तेवढ्यात जर्मनीशी लढाई लागली, वाट बंद झाली, हाना तिकडेच अडकली. आणि जर्मन कागदपत्रं म्हणून यांनाच शत्रू ठरवून काही महिने तारेच्या कुंपणात ठेवलं.

तरी या देशावर त्यांचा जीव होता. इथला चहा, इथली शिस्त, रांगेत उभं राहून मत देणं. "पण खोटं कौतुक नको," म्हणायचे. शेवटच्या आजारात त्यांनी कागदावर हानाचं नाव लिहून माझ्यासमोर विद्यापीठाच्या त्याच माणसाच्या हातात दिलं. "माझ्या फ्युनरलला हे वाचा," म्हणाले. तो हो म्हणाला होता.

त्याने ते वाचलं नाही. मी विचारलं, "कागद कुठे आहे?" तो म्हणाला, "मॅडम, वेळ कमी आहे."

मग मीच सांगितलं, जमेल त्या इंग्रजीत, उभ्याने. त्या घरात पाच माणसं होती. आई, वडील, आजी, हाना आणि हे. वाचले ते एकटे हेच.