आईचा सातिया सरळ निघाला

खरं सांगते, त्या आठवड्यात माझा देवावरचा विश्वास एकदम हलला होता. आईच्या छातीत गाठ, कॅन्सरची, ऑपरेशन ठरलेलं, आणि आई अडून बसलेली की फक्त गाठ काढा, आजूबाजूचं चांगलं मांस मी कापू देणार नाही. डॉक्टरांनी किती समजावलं. म्हणाले, गाठ एकटी नाही वाढत, तिच्या भोवतीचा टिश्यूच तिला रक्त पुरवतो, पसरायला वाट करून देतो, कधी तोच तिला अडवून पण धरतो, म्हणून गाठीबरोबर थोडी किनार पण घ्यावी लागते. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, चोर पकडा ना, पूर्ण मोहल्ला कशाला उठवता?" बाबा हसले, मी रडले.

मग म्हणाली, आधी खजरान्याला चल. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, तिथे गणपतीच्या मंदिरामागच्या भिंतीवर मन्नत मागताना सातिया, म्हणजे स्वस्तिक, उलटा काढतात आणि मन्नत पुरी झाली की येऊन सरळ काढतात. आईने कुंकवात बोट बुडवलं आणि सरळच काढून टाकला. जन्मभर उंबऱ्यावर सरळ काढलेला, हात उलटा वळलाच नाही.

बाजूला एक अनोळखी काकू उभ्या होत्या. आमचं मराठी ऐकून म्हणाल्या, "बधाई हो ताई, झालं वाटतं काम?"

"कसलं काम, ऑपरेशन बाकी आहे अजून."

"मग तुम्ही तर गणपतीला ऑर्डरच देऊन टाकली."

हसत हसत बोलणं निघालं, तर काकूंचं हेच ऑपरेशन झालेलं, त्या आपला सातिया सरळ करायला आलेल्या. आईने लगेच विचारलं, तुमचं पण चांगलं मांस कापलं का हो? काकू म्हणाल्या, "आमचं सियागंजला दुकान आहे. समोर एक ठेला लागला. एकाने त्याला लाइट दिली, एकाने पाणी, एकाने सामानाला ओटा. बघता बघता अर्धी गली त्याची. नुसता ठेला उचलून काय होणार होतं? वायर, ओटा, सगळंच काढावं लागलं. आजूबाजूचे शरीफच दिसतात हो ताई."

आई ऑटोत बसल्यावर म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव. म्हणावं, जेवढं लागेल तेवढं घ्या."

ऑपरेशन मस्त झालं. रिपोर्ट आला तर वरून एकदम चांगल्या दिसणाऱ्या त्या भागात पण कॅन्सरच्या पेशी शिरलेल्या, आणि त्याच्या बाहेरची कड साफ. पुढची ट्रीटमेंट चालू आहे आणि आई बरी होणार, मला काही डाउट नाही. त्या काकूंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कोणी संयोग म्हणेल, म्हणू दे, मी वाद नाही घालत.

हॉस्पिटलमध्ये पट्ट्या बांधलेली आई हळूच म्हणाली, "इतकी वर्षं देवाला म्हणत आले, वाईट तेवढं घेऊन जा. जे चांगलं वाटतं ते पण त्याच्या हातात द्यावं लागतं, हे आत्ता कळलं बघ." आणि शांत झोपली. मी तिच्या पायाशी बसून हात जोडले. मागितलं काहीच नाही.