सरांची नाडी

कॉलेज सोडलं तरी तिथले किस्से काही मला सोडत नाहीत. साताऱ्यात स्टँडजवळ चहाला बसलो की कुणीतरी खवचटपणे विचारतंच, "काय डॉक्टर, एमबीबीएस पहिल्याच वर्षाला का सोडलंस?" एक किस्सा सांगायला जावं तर त्याला धरून चार निघतात.

*

अभ्यासाला खऱ्या हाडांचा संच मिळायचा. सुट्टीत तो मी एसटीनं माण तालुक्यातल्या आमच्या गावी नेला. चुलते फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, बॉर्डरवर किती मढी बघितली ते रोज नव्यानं सांगणारे. पिशवीत डोकावून म्हणाले, "हे घरात न्हाई ठेवायचं."

संच शेळ्यांच्या छपरात गेला. शेळ्यांची काही तक्रार नव्हती.

*

डिसेक्शनला आमच्या टेबलावरच्या मृतदेहाच्या दंडातल्या धमनीला कोपराच्या बरंच वर दोन फाटे फुटले होते. पुस्तकात ते कोपराखाली फुटतात. ॲनाटॉमीच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आधी हात बघितला, मग पुस्तक बघितलं.

"ह्याचं चुकलंय," म्हणाल्या. "तू पुस्तकातलं लिही."

*

माझा पार्टनर प्रसाद विट्याचा. वडील सोनं गाळायच्या धंद्यात, पार तमिळनाडूत. लेकाचं कॉलेज बघायला आले आणि डिसेक्शन हॉलच्या दारातच थबकले. आम्हाला वाटलं, घाबरले. तर ते मॅडमना हळूच विचारत होते, एखाद्याला सोन्याचा दात असला तर तो कुणाकडं जमा होतो?

मॅडम म्हणाल्या, बघून सांगते.

*

फिजिऑलॉजीला शेडगेसर. फुप्फुसात किती हवा मावते ते स्वतःवर मोजून जर्नलमध्ये लिहायचं. कोण मोजतंय? सगळ्यांनी एका सिनियर मुलीच्या जर्नलवरून उतरवलं, वय-उंची-लिंगासकट. सरांनी न बघता सह्या ठोकल्या. आमच्या बॅचची पोरं आजही कागदोपत्री बायका आहेत. प्रसादला तर दाढी आहे.

मी एकट्यानं मोजून लिहिलं. माझंच जर्नल परत आलं, सरांच्या शेऱ्यासकट: "हे जरा वेगळं दिसतंय!"

*

आता, का सोडलं ते.

नाडी मोजायला शेडगेसर स्वतःचा हात पुढं करायचे. सगळे मनगट धरायचे आणि बहात्तर लिहायचे. मी धरलं. जिथं लागायला पाहिजे तिथं काहीच नाही. बोटं सरकवत गेलो, तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला टणाटण उडत होती.

"सर, मनगटावर तुमची नाडी नाही."

"मग काय मी मेलोय?"

वर्ग हसला. मी बहात्तर लिहिलं नाही, सरांनी सही केली नाही. जर्नलवर सही नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. सरांनी आबांना, माझ्या वडिलांना, मुंबईहून बोलावून घेतलं. केबिनमध्ये माझ्यापुढं जर्नल उघडून ठेवलं आणि तोच हात परत पुढं केला. बहात्तर लिही, लगेच सही करतो.

"आवं सर, लिहील की," आबा म्हणाले. "लय आडमुठं हाय, पर लिहील."

आणि मला दाखवायला त्यांनी स्वतःच सरांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, देवाचे पाय धरावेत तसं. बोटं दाबली. परत दाबली. माझ्याकडं बघितलं. त्यांनाही काही लागलं नव्हतं.

"व्हय रं. बहात्तरच हाय."

मी पेन उचललं आणि लिहिलं: "सरांची नाडी मनगटावर नाही, अंगठ्याच्या मागं आहे. सोबत आलेल्या नातेवाइकाची कुठंच सापडली नाही."