सातव्या खुर्चीची बाटली

तिला सगळी गल्ली बाटलीताई म्हणायची. पहिल्यांदा तोंडावर तसं म्हणाला तो समोरचा सलूनवाला, आणि ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पण नाव असं चिकटलं, की तिच्या मुलीच्या शाळेतल्या बाईसुद्धा "तू बाटलीताईंची ना गं?" असं विचारायच्या आणि पोरगी घरी येऊन पाय आपटायची.

कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानात ती एकोणीस वर्षं कामाला होती. दुकान लांबट, बोगद्यासारखं. दारापाशी उजेड आणि आत जावं तसा गारवा. वरच्या फळ्यांवर महागाच्या बाटल्या, त्यांचा मान मालकांकडे. कमरेखालच्या फळ्या हिच्या. लोकांना स्वस्तातलं हवं असतं, पण त्यासाठी चारचौघांत वाकायची लाज वाटते, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग तीच गुडघ्यांवर बसायची आणि खालून हात घालून बरोबर हवी ती बाटली काढायची.

त्यातही बार्बेक्यू म्हटलं की गिऱ्हाइकं मालकांना ओलांडून थेट तिच्याकडे जायची.

"साहेब, ती वरची ठेवा परत," ती सांगायची. "धुरासमोर ती बाटली म्हणजे वादळात अत्तर लावून फिरणं. वास कोणाला येणार? कोंबडीला ही गुलाबी घ्या, गार करून. सॉसेजला ही तांबडी, पण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. बरगड्यांना गोड मसाला चोपडणार असाल तर तुरट अजिबात नको, तोंडात भांडण होतं."

"ताई, तुम्ही माझं दुकान बसवणार," मालक मागून म्हणायचे.

"बसलेलंच आहे की. उभं कधी होतं?"

पण तिची खरी ख्याती होती ती प्रश्नांमुळे. जाळीवर काय काय भाजणार हे ती विचारायचीच, पण खाणारं कोण आहे, हे जास्त विचारायची. कोणाला आंबट सोसत नाही, कोण घाईघाईने पितो, कोण अर्धा ग्लास तसाच ठेवून उठतो. ते ऐकून ती बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची: ही आधी, निखारे पेटत असताना, ही मक्याच्या कणसांबरोबर, ही सासऱ्यांना, त्यांना विचारू नका, सरळ द्या. आणि पुढच्या वेळेला आठवावं म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड करून, तारीख घालून, लाकडी खोक्यात ठेवायची. गल्लीतल्या निम्म्या माणसांची नावं तिला ठाऊक नव्हती. जिभा मात्र पाठ होत्या.

घरी मात्र हीच बाई अगदी वेगळी. नवरा मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ती आणि एकवीस वर्षांची मुलगी. पोरगी कॉलेजातून दहा मिनिटं उशिरा आली, की हिच्या डोक्यात अपघात, दवाखाना, पोलीस असं सगळं होऊन जायचं.

"आई, मी जिन्यात मैत्रिणीशी बोलत होते."

"मग जिन्यातून हाक मारायची ना, की मी जिन्यात आहे म्हणून!"

असं हे चाललेलं असताना ते गृहस्थ दुकानात येऊ लागले. उंच, कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं मृदू. दर शुक्रवारी सकाळी अकराला यायचे. त्यांच्या अंगाला एक वास असायचा. पेटलेल्या कोळशाचा नव्हे, पाणी ओतून विझवलेल्या कोळशाचा. पहिल्या वेळी त्यांनी एकाच माणसासाठी बाटली मागितली होती.

"एकट्यासाठी बार्बेक्यू?" ती हसली होती.

"सुरुवात आहे," ते म्हणाले. "हळूहळू वाढतील."

आणि वाढले. वर्षभरात सहा झाले. ते कधी कोणाचं नाव घेत नसत, नातं सांगत नसत. पहिली खुर्ची, दुसरी खुर्ची, असंच बोलत. पण वर्णन असं करत, की ती खूश होऊन जायची. आणि चिठ्ठीवर लिहिलेलं ते अक्षर न अक्षर पाळत. "तुम्ही लिहिलं होतंत सात मिनिटं गार करा, मी घड्याळ लावलं," असं दुसऱ्या शुक्रवारी सांगत. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं, असं तिला वाटायचं.

त्या शुक्रवारी ते म्हणाले, "या वेळी सात."

"अरे वा. सातव्या खुर्चीची आवड?"

"बाई आहे, तरुण. फार पीत नाही. बर्फ टाकते."

"टाकू दे. वाइनमध्ये बर्फ टाकला म्हणून कोणी फासावर देत नाही." ती लिहीत होती. "पुढे?"

"आधी बोट बुडवून चाखते, मग पिते. मांसाची करपलेली कड पहिल्यांदा खाते आणि मधलं ठेवते. जिभेवर आंबट टेकलं की डावा डोळा घट्ट मिटते. आणि खाताना नाकातल्या नाकात गुणगुणते. तिला स्वतःला ते माहीत नाही."

पेन थांबलं.

बर्फ कोणीही टाकेल. करपलेल्या कडा खाणारे तर शंभर. पण ते गुणगुणणं? पोरगी सहा महिन्यांची असताना पहिला घास भरवला तेव्हापासूनचं ते गुणगुणणं. ते हिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही. सांगितलं तर ती लाजून बंद करील म्हणून.

"कोण आहे ही?" तिने विचारलं.

"तुम्ही कधी विचारत नाही."

"आज विचारतेय."

"अजून आलेली नाही," ते शांतपणे म्हणाले. "उद्या येईल. संध्याकाळी, निखारे तांबडे झाले की. बाटल्या काढून ठेवा, चार वाजता नेतो."

ते गेल्यावर तिने खोक्यातून त्यांचं कार्ड काढलं. सहा ओळी, सगळ्या तिच्याच अक्षरात. पहिली खुर्ची: सगळं कात्रीने कापल्यासारखं एकसारखं बारीक करून खातो, थंडगारच लागतं. तिसरी: पिताना टाचा उचलते. सहावी: आधी सगळ्यांना वाढतो, मग बाटलीच्या बुडावर थापट्या मारून शेवटचा थेंब स्वतःला घेतो. हे लिहिताना तिच्या मनात कधी काही आलं नव्हतं. आता एकेका ओळीतून माणूस वर येऊ लागला, धुतलेल्या काचेमागून दिसावा तसा. पहिला शिंपीकाका. तिसरी नाच शिकवणाऱ्या मॅडम. सहावे निवृत्त पोस्टमनकाका. सगळे याच गल्लीतले, सगळे गेल्या वर्षभरात गेलेले.

"मालक," तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "पोस्टमनकाका कधी गेले हो?"

"मार्चमध्ये. अकरा तारखेला, रविवारी. मेहुणीचं लग्न होतं आमच्या, मी सूट घालून स्मशानात गेलेलो. का?"

कार्डावर सहाव्या ओळीपुढे तारीख होती नऊ मार्च. शुक्रवार.

"काही नाही," ती म्हणाली.

"चेहरा बघा आरशात. बुचं हुंगून हुंगून चढली वाटतं."

तिने मुलीला फोन लावला. उद्या कुठे जाणार आहेस? कोणी बोलावलंय का? बार्बेक्यू वगैरे?

"कुठेही नाही गं! सोमवारी पेपर आहे. घरी बसून घोकणार आहे. आई, तू बरी आहेस ना?"

घरीच असणार. पण त्याने तिचा जीव भांड्यात पडला नाही. पोस्टमनकाकाही घरीच होते, आरामखुर्चीत.

बाटल्या द्यायच्याच नाहीत, हा पहिला विचार. पण मग तो माणूस पुढच्या चौकातल्या दुकानात जाईल, तिथलं कोणीतरी हातात येईल ती बाटली देईल, आणि ती आवडून पोरगी तिथेच बसून राहिली तर? निदान आपल्या हातून जाणारी बाटली आपल्या हातात आहे. ती मागच्या खोलीत गेली. तिथे परत पाठवायच्या मालाचा खोका होता. उन्हात राहिलेला, बिघडलेला. त्यातली एक पांढरी तिने उघडली, हुंगली आणि मान मागे घेतली. व्हिनेगर. दुसरी उघडली नाही. तिच्याच जोडीची होती, त्याच उन्हात राहिलेली. फडक्याने पुसून तिच्या गळ्यात चिठ्ठी बांधली: सातव्या खुर्चीला हीच. पहिला घोट मोठा द्यावा. बर्फ घालू नये.

एकोणीस वर्षांत तिने कोणाला जाणूनबुजून वाईट बाटली दिली नव्हती.

चार वाजता ते आले. चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या.

"बर्फ नको? तिला तर आवडतो."

"या बाटलीला नको. चव मरते."

"बरं," ते म्हणाले. "तुम्हीच सांगताय म्हटल्यावर."

शनिवारी तिने रजा घेतली. खिडक्या लावल्या, गॅसचा नळ तीनदा बघितला. पोरगी जेवणाच्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसली होती. साडेसहाच्या सुमाराला तिने पुस्तकावर डोकं टेकलं.

"पाच मिनिटं हं, आई."

पाचाची पंधरा झाली. आईने हाक मारली, खांदा हलवला, गालावर पाणी शिंपडलं. पोरगी उठेना. खिडक्या बंद, गॅस बंद, आणि तिच्या केसांना धुराचा वास येत होता. मग ते सुरू झालं, नाकातल्या नाकात, हळू. समोर ताट नव्हतं, तोंडात घास नव्हता, तरी पोरगी गुणगुणत होती. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. आईने तिचं मनगट धरलं आणि मोजू लागली. एक श्वास, मग चार ठोके. एक श्वास; मग सात. डॉक्टरांना फोन करायला हात सोडावा लागणार होता, आणि हात सोडायची तिची छाती होत नव्हती.

गुणगुणणं थांबलं. नऊ ठोके. दहा. अकरा.

आणि पोरीचा मिटलेलाच डावा डोळा आणखी घट्ट मिटला. सगळा चेहरा आक्रसला. ती एकदम सरळ बसली, जीभ बाहेर काढून.

"शी! काय पाजलंस गं मला?"

"काही नाही, बाळा. काहीच नाही."

"तोंड आंबटढाण झालंय! बर्फ दे, बर्फ दे लवकर." मग घड्याळाकडे बघून, "सात? आई! उठवायचं ना! माझा पेपर गेला आता, तुझ्यामुळे."

"गेला तर गेला," म्हणत आईने तिला असं काही कवटाळलं, की पोरगी म्हणाली, "सोड, मरेन मी." त्यावर आयुष्यात पहिल्यांदा तिला आईचा रट्टा बसला.

पुढच्या शुक्रवारी अकराला ते दुकानात हजर.

"सातवी उठून गेली," त्यांनी सांगितलं. रागावलेले दिसत नव्हते. "पहिल्याच घोटाला. ग्लास ठेवला आणि चालू लागली."

"चूक झाली माझी."

"तुमची? असेल. माणूस आहात." त्यांनी टोपी काउंटरवर ठेवली. "पण खुर्ची मांडली आहे, ताई. मांडलेली खुर्ची रिकामी ठेवता येत नाही मला. तुम्ही सुचवा कोणी. तुम्हाला तर सगळ्यांची आवड पाठ आहे."

कोणीतरी नसलेलं माणूस रचून सांगावं, असं तिच्या मनात आलं. जाड तांबडी आवडणारा, मीठ जास्त खाणारा... पण तो तर सलूनवाला. गुलाबी गार पिणारी, कांदा बाजूला काढणारी... ती मालकांची बायको. जी जीभ आठवावी ती कोणाची तरी निघे. लाकडी खोक्यात अख्खी गल्ली उभी होती, आणि तो माणूस त्या खोक्याकडेच बघत होता.

"मी," ती म्हणाली.

"तुमची आवड?"

हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, सगळ्यांत खालच्या फळीच्या भिंतीकडच्या टोकाला हात घातला आणि एक काळपट तांबडी बाहेर काढली. जीभ ओढून घेईल इतकी तुरट, म्हणून कोणी न घेतलेली.

"ही. पण आज उघडायची नाही. तुरटपणा बसायला वेळ लागतो. आडवी ठेवा, अंधारात, धुरापासून लांब."

"किती दिवस?"

खरं म्हणजे त्या बाटलीत चार-पाच वर्षांचाच दम होता, तेही नशीब असेल तर. मुलगी एकवीसची. तिने मनातल्या मनात शिक्षण, नोकरी, पुढचं सगळं ठरवून टाकलं आणि चिठ्ठी लिहिली.

"बारा वर्षं," तिने गाठ मारत सांगितलं.

"इतकी टिकेल?"

"माझं नाक सांगतंय."

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "बरं," म्हणाले. "तोवर खुर्ची तुमच्या नावाची." बाटली मुलाला घ्यावं तशी दोन्ही हातांवर आडवी घेऊन ते गेले. त्यानंतर शुक्रवारी कोणी आलं नाही.

त्या दुपारी तिने खोक्यातली सगळी कार्डं मागच्या अंगणात नेऊन बादलीत भिजवली आणि लगदा होईपर्यंत कुसकरली. जाळायची नाहीत, एवढं तिला नक्की कळलं होतं.

याला आता तीन वर्षं झाली. बाटलीताई अजून दुकानात आहे, अजून गुडघ्यांवर बसते. बार्बेक्यू म्हटलं की एक गुलाबी, एक हलकी तांबडी, एक फसफसणारी, अशा ठरलेल्या तीन बाटल्या सगळ्यांना देते. चिठ्ठी बांधत नाही. लोक म्हणतात, पूर्वीची बाटलीताई राहिली नाही, मन लागत नाही तिचं कामात. मालकही म्हणतात. ती ऐकून घेते.

परवा एक आजीबाई आल्या होत्या. नातू परदेशातून येणार, अंगणात बार्बेक्यू करणार, म्हणून हरखून गेलेल्या.

"अगं, आमच्या नातवाचं ना एक आहे, खाताना तो—"

"नका सांगू," बाटलीताई म्हणाली आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा आपला हात हवेत धरला. "आजी, तुम्हाला माझी शपथ आहे. मला काही सांगू नका."