लंकाबाईचं काय बघायचं?

लढाईच्या दिवसांत नगरच्या एका बिडी कारखान्यात लंकाबाईचा नुसता दरारा होता. बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या. त्या रात्रभर वाळल्या की सकाळी गहिनीनाथ मुकादम एकेकीच्या बिड्या दाबून बघायचा, सैल निघाली की छाट म्हणून फेकून द्यायचा. लंकाबाईच्या सुपाला मात्र हातच लावायचा नाही. "लंकाबाईचं काय बघायचं?" म्हणायचा आणि पुढं जायचा. तेवढं ऐकायलाच ती रोज यायची. दुसरं होतं काय तिला?

आणि मग जामखेडहून रोशनबी आली! हात कसला झरझर चालायचा, आणि बिडीचं तोंड असं मुडपायची, जशी कळीच. पहिल्याच दिवशी गहिनीनाथानं तिची बिडी सगळ्यांना दाखवली. लंकाबाईलासुद्धा! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

पण सकाळी बघतात तर रोशनबीच्या बिड्या सैल. दुसऱ्या दिवशीही तेच.

"बिड्या हायत का पिपान्या?" गहिनीनाथ सगळ्यांदेखत ओरडला. "हात सुधार, न्हाईतर जामखेडची वाट धर!"

बायका फिदीफिदी हसल्या. लंकाबाई सगळ्यांत मोठ्यानं.

तिला कारण कळलं होतं. जामखेडला पान जुनं, कडक यायचं, वळताना तडकायचं, म्हणून रोशनबीला ते चिंब भिजवायची सवय. इथलं कोवळं पान तसं भिजवलं की फुगतं, रात्रीत वाळून आकसतं आणि दोरा ढिला पडतो. पण सांगायचं कशाला? जाईना का परत!

दुपारी भाकरीच्या वेळी रोशनबीच तिच्याजवळ आली. डोळे सुजलेले.

"लंकाक्का, समदे म्हनत्यात हात सुधार. चुकतंय काय, ते कुनीच सांगंना. तुमी सांगा. शिव्या दिल्या तरी चालंल."

लंकाबाईनं तिची बिडी हातात घेतली. ती कळी बघून तर तिला आणखीच राग आला.

"हाताला काय धाड भरलीय तुझ्या?" ती खेकसली. "तोंड तर असं मुडपतीस, मलाबी जमत न्हाई." निघून गेलं तोंडातून! तिनं जीभ चावली. "पान कमी भिजव. ओल्या बारदानात गुंडाळून ठिव, बास. जामखेड न्हाई हे. आन त्या बायांम्होरं रडू नगं, मला इचारत जा."

रोशनबीच्या बिड्या घट्ट बसायला लागल्या. आणि एका सकाळी गहिनीनाथ तिच्या सुपाजवळ थांबला, हसला. "रोशनबीचं काय बघायचं?" म्हणाला आणि पुढं गेला.

लंकाबाई ताडकन उठली. तिनं रोशनबीच्या सुपातली बिडी उचलली. दाबली, दोरा ओढून बघितला, उलटी केली, सुलटी केली.

"काय चुकलं का, आक्का?"

व्हय म्हणावं असं इतकं वाटलं तिला, इतकं वाटलं!

"न्हाई," ती म्हणाली. मग स्वतःचं सूप ओढून रोशनबीच्या शेजारी धपकन बसली. "तोंड मुडपताना आंगठा कुठं धरतीस गं? दाव. आन हळू दाव!"