वगळलेली चार मिनिटं

आमच्या जामखेडच्या आयटीआयात मोटर मेकॅनिक शिकवणारे मच्छिंद्र खाडे सर सख्ख्या भावावरही विश्वास ठेवायचे नाहीत. तास संपला की पाने-पक्कडी मोजून घेत आणि एखादी कमी भरली की दार लावून सगळ्यांचे खिसे तपासत. मी शेजारच्या वर्गात वायरमनचा ट्रेड शिकवतो, तर माझ्याकडेही ते तिरप्या नजरेनेच बघत. मला त्याचा भारी राग यायचा.

गेल्या वर्षी गाडीचोरी रोखणाऱ्या यंत्रणांचा धडा ते व्हिडिओ लावून शिकवू लागले. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारी यंत्रणा, गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारा जीपीएस, सगळं दाखवत. चोर हे कसं चकवतात तो चार मिनिटांचा भाग आला, की मात्र सर व्हिडिओ पुढे ढकलत. आपणच चोर तयार करायचे का, असं त्यांचं म्हणणं.

अश्विनी ही त्या वर्गातली एकुलती एक मुलगी. तो भाग दाखवा, असं तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी तिच्या वडिलांनाच बोलावून घेतलं आणि साक्षीला मला बसवलं.

तिचे वडील कचरूआप्पा दारातच चपला काढून उभे राहिले. सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. मुलीची संगत कशी आहे, घरी कोण येतं-जातं, असं उलटसुलट विचारत सुटले. मला तर उठून जावंसं वाटलं. शेवटी आप्पांनी सांगितलं, की केडगावला भाजी उतरवताना त्यांची पिकअप चोरीला गेली होती. दोन्ही चाव्या त्यांच्याकडेच राहिल्या आणि तेच अंगाशी आलं. ही गाडी चावीशिवाय सुरूच होत नाही, म्हणजे तूच विकलीस, असं जो तो म्हणत होता.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी आप्पांना आणि अश्विनीला रिकाम्या वर्गात नेलं, आप्पांना स्वतःची खुर्ची दिली आणि व्हिडिओ पहिल्यांदाच पूर्ण लावला. पडद्यावरची गाडी चावीशिवाय सुरू झाली.

"बघा," आप्पा सरांना म्हणाले, "मी खोटं बोलत न्हवतो."

अश्विनी पडद्याकडेच बघत राहिली. "आप्पा, मलाबी तुमचं खरं वाटत न्हवतं," ती म्हणाली. "म्हनून बघायचं हुतं."

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले. "लोकांचं काय न्हाई वाटलं. ताट वाढताना तू माझ्याकडं बघत न्हवतीस, ते लई लागायचं."